सुमनअक्का आणि सैन्यात निघालेली पोरं

पूजाचे दोन घास झाले न झाले तोच गल्लीतल्या सुमनअक्कांनी तिच्यापुढचं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. शेवभाजी होती, वर गरम पोळी. मी घास हातातच धरून बघत राहिलो.

"ऊठ," अक्का म्हणाल्या, "जेवण हुई गयं."

पूजा माझी मुलगी. तिची सैन्यात निवड झाली होती, प्रशिक्षणाला जायला थोडेच दिवस उरले होते. अमळनेरच्या आमच्या गल्लीत पोराची भरती झाली की आधी देवाला नारळ, मग अक्कांना निरोप. धावणं-उड्या शिकवायला मैदानावर सर असतात. मन तयार करायचं ते अक्कांनी. आम्ही जळगावहून बदलीवर आलेलो, त्यामुळे हे मन तयार करणं म्हणजे काय प्रकार असतो, याची मला कल्पना नव्हती.

एरवी ही सत्तरीची किडकिडीत बाई भाजीवाल्याशीसुद्धा हळू बोलते. शेत बटाईने दिलेलं, घरात एकटीच. छावणी तिने जन्मात पाहिलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आमच्या घरात तिचा जो आवाज फुटला, त्याने मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. पूजाची गोधडी ओढून झाली होती. मग कपाटातले घडी केलेले कपडे अंगणात भिरकावले गेले. परत घडी कर, म्हणे. मी विचारलं, तिचं चुकलं काय? अक्का माझ्यावरच उखडल्या. तिथे चूक नसतानाही बोलणी खावी लागतात, ते तिला आत्ताच कळू दे. "तठे तुनी माय नही शे," असं त्यांनी पूजाला इतक्यांदा ऐकवलं की माझ्या बायकोला स्वयंपाकघरात हुंदका आला.

कहर झाला तो केसांवरून. बायकोने लहानपणापासून तेल लावून वाढवलेली वेणी. अक्कांनी कात्री बायकोच्याच हातात दिली.

"तठे कापशी तं रडशी," त्या पूजाला म्हणाल्या. "आठेच काप, माय जोडे शे तोवर."

आई जवळ आहे तोवर, म्हणून बायकोने वेणी कापली. मी मात्र संध्याकाळी तडक अक्कांकडे गेलो, हे सगळं बंद करा म्हणून सांगायला. त्या गहू निवडत होत्या. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मान वर न करता आपल्या धाकट्या भावाचं सांगितलं.

आई गेली तेव्हा तो रांगत होता. अक्कांनीच वाढवला, मोठा झाला तरी हाताने भरवला, घरात कुणी त्याच्यावर आवाज चढवू दिला नाही. भरतीत तो पहिल्या झटक्यात निघाला. आणि प्रशिक्षणातून आठवडाभरात परत आला. कुणी मारलं नव्हतं, फक्त ओरडले होते. गावाने त्याला पळपुटा म्हणून हसून घेतलं. एक दिवस तो सुरतेला गेला, तो पुन्हा आलाच नाही.

"मीच त्याले मऊ कया," अक्का म्हणाल्या आणि सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

मी तसाच घरी आलो. पूजा जाईपर्यंत अक्कांचा आवाज रोज घुमत राहिला.

पुढे कित्येक दिवसांनी प्रशिक्षण केंद्रावरून पूजाचा फोन आला. आमच्याशी बोलून झाल्यावर तिने अक्कांना बोलवायला सांगितलं. अक्का आल्या, फोन घेतला. आता ही बाई फोनवरही कडाडणार, म्हणून मी दार लोटून घेतलं. पण त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

"पूजा, नही जमनं तं परत ये, बेटा. मी आठे शे. कोनी हसनार नही."

पलीकडून पूजा हसली. जमतंय अक्का, म्हणाली, छान जमतंय.

"तरी बी ये," अक्का म्हणाल्या.