विनायक सरोज गोखले

“एका घंटीला एक आडनाव, हेर गोखले! फक्त आडनाव!”

जर्मनीतल्या आमच्या इमारतीची देखरेख करणारा हाउसमाइस्टर असा ओरडत होता की नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यातल्या गाड्या आपोआप सुरू झाल्या असाव्यात. त्याने लावलेली छापील पाटी विनूकाकांनी चौथ्यांदा उपटली होती आणि घंटीशेजारी स्वतः रोमन लिपीत लिहिलेला कागद चिकटवला होता: ‘वि. सरोज गोखले’.

विनूकाका माझे खालच्या मजल्यावरचे शेजारी, निवृत्त इंजिनिअर. देवघरात गणपती आणि डोक्यात चौथ्या शतकातला एक ख्रिस्ती बिशप. या बिशपाने चर्चचा पहिला मोठा इतिहास लिहिला. तो मराठीत आणायचा म्हणून काका साठीनंतर ग्रीक शिकले. वह्या इतक्या भरल्या की इमारत त्यांच्या बाजूला कलली आहे. मी लिंबू ठेवून पाहिलंय, घरंगळतं.

“काल वडे मस्त झाले होते,” म्हणावं, तर काका विचारणार, “लेखी आहे का?” बिशप, काकांच्या भाषेत ‘बुवा’, दुसऱ्यांची पत्रंच्या पत्रं उतरवून घेई. मूळ पत्रं गेली, उतारे राहिले. “बुवांनी लिहून ठेवलं नसतं, तर ही माणसं दुसऱ्यांदा मेली असती!” हे काका मटार सोलताना सांगतात. माझ्या सासूबाईंच्या तक्रारीसुद्धा त्यांच्याकडे तारीखवार आहेत.

“आल्झो, मग कारण सांगा!” हाउसमाइस्टर गरजला. “फ्राउ गोखले तर आता...” आणि थांबला. सरोजकाकूंना जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

काकांनी छाती पुढे काढली. एरवी त्यांचं जर्मन व्याकरण एखाद्या न्यायाधीशाचं, पण त्या दिवशी क्रियापदं वाटेल तिथे पडत होती.

“बुवांच्या गुरूला तुरुंगात टाकून मारलं. बुवांनी त्याचं चरित्र लिहिलं, तीन भाग. तिन्ही हरवले! जगाचं जपणाऱ्याचं स्वतःचंच गेलं. पण गुरूचं नाव त्यांनी आपल्या नावाला जोडलं होतं. सतराशे वर्षं झाली, कुणाच्या बापाला ते काढता आलेलं नाही!”

“म्हणजे?”

“आमच्यात बायको मधे नवऱ्याचं नाव लावते. बत्तीस वर्षं तिने माझं लावलं, सही करताना एकदाही विसरली नाही. आता मी तिचं लावणार. काढा हा कागद! पाचव्यांदा लावीन.”

हाउसमाइस्टर वाकला. कागदाजवळ डोळे नेऊन त्याने नाव वाचलं.

“सारोय,” शेवटच्या ‘j’चा जर्मन ‘य’ करत तो म्हणाला. “रोमन पाच अक्षरं. छापील पाटीवर बसतील.”