व्हायोलिनमास्तरांचं कुलूप

दाताच्या डॉक्टरांनी तोंडात दोन अवजारं घातलेली होती, म्हणून व्हायोलिनमास्तरांना ओरडता आलं नाही. दवाखान्यात वाजत असलेली धून चक्क त्यांचीच होती! त्यांच्या वेबसाइटवरून परस्पर उतरवून घेतलेली.

"छान आहे ना? पेशंट शांत राहतात," डॉक्टर म्हणाले.

"आँ! आँ आँ!"

"दुखतंय? आलीच बघा दाढ."

दाढ आली, पण बधिर जबड्याने भांडता येत नाही. मास्तर तरातरा घरी आले आणि वेबसाइट बनवणाऱ्या भाचीला फोन लावला.

"कुलूप घाल. कुणाच्या बापाला एक सूर नेता येता कामा नये!"

"मामा, ऐकू तरी द्यायचं ना लोकांना?"

"ऐकू दे. न्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी विमानतळाकडे निघण्याआधी भाचीने काम फत्ते केलं. डाउनलोड बंद. कुणी तीनदा खटपट केली, तर त्याला साइटच बंद. मास्तर खूश झाले, पण स्वभाव संशयी. घरच्या कॉम्प्युटरवरची मूळ रेकॉर्डिंग कुणी लांबवली तर? त्यांनी ती सगळी पुसून टाकली. मग कुलूप पक्कं आहे का हे पाहायला स्वतःच चोरी करून पाहिली. एकदा, दोनदा, तीनदा. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'चोरीच्या प्रयत्नाबद्दल आपल्याला प्रवेश बंद.'

"वा! याला म्हणतात कुलूप!" मास्तर बायकोला म्हणाले.

एवढ्यात नव्या नाट्यगृहातून फोन आला. उद्घाटनाला पडदा उघडताना वाजवायची म्हणून मास्तरांची धून निवडली होती. फाइल मात्र पाचच्या आत हवी, नाहीतर दुसऱ्याची घेणार. मास्तरांनी तीस वर्षं शिकवण्या केल्या होत्या, पण एवढ्या मोठ्या सभागृहात त्यांचा एक सूरही कधी वाजला नव्हता. त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं.

चार वाजले होते. भाची विमानात. पुन्हा वाजवावी, तर सुजलेल्या जबड्याखाली व्हायोलिन टेकवताच मास्तर किंचाळले.

"अहो, मग ज्याने आधीच चोरलीये त्याच्याकडे मागा की," बायको म्हणाली.

मास्तर दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"कॉपी नाही देता येणार. वादकाची लेखी परवानगी लागेल."

"तुम्ही घेतली होतीत?"

"मी आपली दवाखान्यापुरती घेतली. वाटत सुटलो तर चोरी होईल हो."

"अहो, मीच तो वादक!"

डॉक्टरांनी मोबाइलवर वेबसाइट उघडून फोटो पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं. "फोटोतल्या माणसाचे दोन्ही गाल सारखे आहेत."

"तुम्हीच सुजवलाय!"

"मी चेहरे लक्षात ठेवत नाही. आ करा पाहू." डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि ते एकदम उभेच राहिले. "अरेच्चा, इथली दाढ तर मी कालच काढली!" त्यांनी केसपेपर शोधला. त्यावरचं नाव आणि वेबसाइटवरचं नाव एकच निघालं. डॉक्टर ओशाळले. "माफ करा मास्तर. तरी दोन ओळी लिहून द्याच."

मास्तरांनी लिहिलं : 'माझी धून मला देण्यास माझी हरकत नाही.' खाली सही ठोकली. पाचाला दोन मिनिटं कमी असताना फाइल गेली.

उद्घाटनाला सभागृह खचाखच भरलं होतं. दिवे मंदावले, पडदा सरकू लागला आणि व्हायोलिनचा पहिला सूर निघाला. मास्तरांचे डोळे भरून आले. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मोबाइल उंच धरून रेकॉर्डिंग सुरू केलं. मागोमाग आणखी दहा-बारा हात वर झाले.

"अहो, बघा, चोरतायत!" बायको कुजबुजली.

मास्तर पुढे वाकले आणि त्या गृहस्थांच्या खांद्यावर त्यांनी हलकेच हात ठेवला.

"मोबाइल जरा डावीकडे धरा. स्पीकर तिकडे आहे."