आठल्ये काकांचं बिनतारी घर

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर असं, की किराण्याची यादी दिली तर दुकानदार ती मलाच वाचून दाखवायला सांगतो. चारचौघांत मला बोलायला जमत नाही, म्हणून कुणाला तोंडी सांगणंही होत नाही. पण आठल्ये काकांबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आठल्ये काकांना जमिनीवर पडलेली वायर सहन होत नाही. कुठलीच.

कामाच्या पहिल्याच दिवशी मी त्यांच्या पॅसेजमध्ये माझा मोबाईल चार्जिंगला लावला. चार्जरची वायर फरशीवर लोळत होती. काका समोरून आले, थबकले, स्वयंपाकघरात गेले, माझ्या हातातली सांडशी घेतली आणि सापाला धरावं तशी ती वायर सांडशीत धरून उचलली.

"सुनंदाबाई," ते म्हणाले, "या घरात जमिनीवरून फक्त माणसं जातात."

मी घाबरून चार्जर पिशवीत टाकला. उद्यापासून दुसरं काम बघावं असंही मनात आलं.

गंमत म्हणजे या माणसाचा सगळा जन्म वायरी टाकण्यात गेलेला. रेल्वेच्या सिग्नलचं काम. लखनौच्या मानक नगरमधल्या क्वार्टरमध्ये राहून रिटायर झाले आणि तेलीबागला घर बांधून तिथेच राहिले. आता त्याच घरात फ्रिजची वायर भिंतीवर खिळे मारून छताकडे चढवलेली. इस्त्री करायची तर प्लगच्या खाली टेबल ओढून. टीव्हीची केबल टाकायला माणूस आला, तो म्हणाला दारातून सरळ घेतो. काकांनी ती गच्चीवरून, मागच्या भिंतीवरून, न्हाणीघराच्या खिडकीशेजारून अशी आणायला लावली. घराला प्रदक्षिणाच झाली. तो माणूस जाताना मला म्हणाला, "दीदी, अंकल जी को करंट लगा था क्या कभी?"

आम्ही विट्याकडचे. आमचे मालक गलाईच्या कामाला लखनौला आले, सोनं गाळायचं काम. भाजीच्या ठेल्यापाशी मी एकदा मराठीत पुटपुटत होते, "काय महाग केलीय बाई मेथी." मागून काका म्हणाले, "मराठी? स्वयंपाक येतो? आमटीत साखर घालणार नाही ना?" अशी माझी मुलाखत झाली.

त्यांना बाई हवी होती त्यांच्या बायकोसाठी, शरयूकाकूंसाठी. काकू दीड वर्षापूर्वी घरातच पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, नाहीतर पाय कायमचे जातील. पण काकूंची हिंमत काही जुळली नाही. मागच्या खोलीतला पलंग आणि तिथलंच न्हाणीघर, एवढंच त्यांचं जग. मी म्हणायची, "काकू, पुढच्या खोलीपर्यंत तरी चला." त्या म्हणायच्या, "कशाला? काय ठेवलंय तिकडे?"



एक दिवस काकांनी पुढच्या खोलीत प्रिंटर आणून ठेवला. बिनतारी. मागच्या खोलीत काकूंच्या पांघरुणावर त्यांच्या मुलीचा जुना लॅपटॉप असे. तिकडे बटण दाबलं की इकडे कागद बाहेर पडणार, मधे वायर नाही. काका लग्नात नवरदेव मिरवावा तसे त्याच्याभोवती फिरत होते. मधे पॅसेज, त्यात कोनाड्यात राउटर, म्हणजे इंटरनेट वाटणारा डबा. काका त्याला स्टेशनमास्तर म्हणत.

"पैसे कुठून आणले?" मागच्या खोलीतून काकूंचा आवाज आला.

काका प्रिंटरचं रिकामं खोकं आवरायला लागले.

"अहो, माझा डबा हलका लागतोय."

काकूंनी कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या करून साठवलेले पैसे एका डब्यात होते. ते आता पुढच्या खोलीत, प्रिंटर होऊन बसले होते.

"परत करीन," काका ओरडून म्हणाले. "पै न पै परत करीन. हप्त्याने."

"मग द्या आजचा हप्ता. सुनंदाच्या हाती पाठवा."

"रेल्वेत दुसऱ्याच्या हाती पगार देत नाहीत. पावती छापायची, खिडकीवर यायचं, सही करायची, पैसे न्यायचे."

आणि खरंच त्यांनी पुढच्या खोलीच्या दाराशी टेबल लावलं, वर कागदाची पाटी चिकटवली: खिडकी. दिवसाला पन्नासची एक नोट. काकू म्हणाल्या, "रिटायर होऊन डोकं फिरलंय यांचं." मलाही तसंच वाटलं.

पण पावती छापली जायला प्रिंटर चालायला हवा ना! पहिल्या दिवशी झकास चालला. काकूंनी रागारागाने बटण दाबलं, इकडे घर्र करून पावती आली. मात्र काकू उठल्या नाहीत. म्हणाल्या, "चालतो का ते बघत होते." दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर तर समोर दिवा लावून बसलेला.

मग सुरू झाले ब्लॉक. रेल्वेत रुळाचं काम करायचं असलं की त्या वेळेपुरत्या गाड्या थांबवतात, त्याला ब्लॉक म्हणतात म्हणे. काका पॅसेजमध्ये उभे राहून आरोळी द्यायचे, "सुनंदाबाई, ब्लॉक!" की मी मिक्सर बंद करायचा, मोबाईल बंद करायचा, कुकरखालचा गॅससुद्धा. एकदा मी विचारलं, "काका, कुकरचा काय संबंध?" म्हणाले, "सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी." दाराला काकूंची लाल ओढणी लटकायची. काम झालं की हिरवा नॅपकिन लागायचा आणि काका म्हणायचे, "लाइन क्लिअर!" माझ्या अर्ध्या लाटलेल्या पोळ्या तोवर वाळून जायच्या.

शेवटी नेटवाले राजेश भैया आले. त्यांनी काहीतरी दाबलं, प्रिंटर चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद. पुन्हा भैया, पुन्हा चालू, पुन्हा सकाळी बंद. भैया वैतागले.

"अंकल जी, एक काम कीजिए. प्रिंटर आंटी जी के पलंग के पास रख दीजिए और छोटी-सी तार लगा लीजिए. दो मिनट का काम है."

"तार?" काकांचा चेहरा असा झाला, की भैया एक पाऊल मागे सरले. "और स्टेशन को डिब्बे के अंदर रख दूँ? पॅसेंजर स्टेशनवर येतो, भैया. स्टेशन पॅसेंजरकडे जात नाही." अर्धं हिंदी, अर्धं मराठी. भैयांना काही समजलं नाही, पण ते चहा पिऊन गेले.

मला वाटलं, प्रिंटरला नजर लागली. रोज सकाळी हमखास आजारी पडतं ते दुसरं काय असणार? मी गुपचूप त्याला काळा दोरा बांधला. काकांनी पाहिला. "सुनंदाबाई, मी घरात वायर येऊ देत नाही आणि तुम्ही त्याला दोरी बांधता?" मी लाजेने चूर. आतून काकू हसल्या. त्या घरात त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. काकांनीही ऐकलं असणार, कारण दोरा तसाच हातात धरून ते जरा वेळ उभे राहिले.

उत्तर शेवटी काकूंनाच सुचलं, तेही टोमणा मारताना.

काकांची आणखी एक सवय होती. झोपण्याआधी घरभर फिरून पंखे आणि फ्रिज सोडून सगळे स्विच बंद करायचे, राउटरसुद्धा. "स्टेशन बंद," असं म्हणायचे. सकाळी पूजा झाली की सगळं चालू. त्या दिवशी प्रिंटर पुन्हा रुसला, तेव्हा काकू म्हणाल्या, "रोज त्या स्टेशनमास्तरला झोपवता. सकाळी उठल्यावर कोण कुठे बसलं होतं ते त्याला आठवत नसेल बिचाऱ्याला. तुम्हाला तरी चष्मा कुठे ठेवला ते कुठे आठवतं?"

काका चहाचा कप खाली ठेवायचं विसरले. "बर्थ!" ते ओरडले.

राजेश भैयांना फोन गेला. मग काकांनी मला बसवून समजावलं ते असं. राउटर प्रत्येकाला एक नंबर देतो, गाडीत बर्थ देतात तसा. रात्री बंद केला की सगळे बर्थ मोकळे. सकाळी चालू केला की जो आधी येईल त्याला आधीचा नंबर. लॅपटॉप बिचारा प्रिंटरला जुन्याच बर्थवर शोधत बसतो. आणि त्या बर्थवर कोण निघालं? माझा मोबाईल! मी सकाळी आले की तो पिशवीतल्या पिशवीत नेट धरायचा आणि प्रिंटरच्या आधी नंबर घेऊन मोकळा व्हायचा.

"सुनंदाबाई, इतके दिवस तुमचा फोन प्रिंटरच्या बर्थवर पाय पसरून झोपलाय!"

मी म्हटलं, "काका, मी आणत नाही उद्यापासून." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. भैयांनी राउटरमध्ये प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवला. काकांनी प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवली: आरक्षित.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बटण दाबलं. पुढच्या खोलीत घर्र झालं. काका टेबलाशी बसून होते, दाराकडे पाठ करून.

मग काकू म्हणाल्या, "सुनंदा, माझी काठी दे. माझे पैसे आहेत ते."

एक हात माझ्या खांद्यावर, एक काठीवर. पॅसेजच्या मध्यावर काकांनी एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर लिहिलेलं: हॉल्ट. काकू तिथे टेकल्या, घामाने डबडबलेल्या. "एवढंच बास आज," म्हणाल्या. "अहो, नोट इथे आणून द्या."

काका वळले नाहीत. "हॉल्टवर खिडकी नसते."

"मेला हट्टी," काकू म्हणाल्या आणि परत फिरल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बटण दाबलं. असं तीन-चार दिवस हॉल्टपर्यंतच.

अशाच एका दिवशी स्टुलावर बसून दम खाताना त्या मला हळूच म्हणाल्या, "इथेच पडले होते मी, सुनंदा. दिवाळी होती. तुळशीपाशी दिव्यांची माळ हवी असा माझाच हट्ट. यांनी इथून वायर ओढली. मी फराळाचं ताट घेऊन आले, पाय अडकला."

मी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला.

"त्या दिवसापासून त्या वायरीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी म्हटलं, अहो, तुमची चूक नव्हती. ऐकलंच नाही असं केलं. नुसते घरभर वायरी उचलत सुटलेत." काकूंनी पॅसेजची फरशी पायाच्या अंगठ्याने चाचपून पाहिली. लख्ख, मोकळी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग काठी टेकवून उठल्या. "चल. बघू खिडकी कशी असते ती."

त्या दारात पोचल्या तेव्हा काकांनी मान वर केली नाही. चष्मा पुसत म्हणाले, "पावती?" काकूंनी प्रिंटरवरचा कागद उचलला आणि सही केली. काकांनी नोट दिली. मी आत जाऊन कुकर लावला. ब्लॉक नव्हता तरी शिट्टी उशिराच होऊ दिली.

मग ते रोजचंच झालं. काकूंना माझा खांदा लागेनासा झाला. नंतर हॉल्टचं स्टूल मी भाज्या चिरायला घेतलं, कुणी हरकत घेतली नाही. काकू खिडकीवर येऊन भांडायच्याही. "ही नोट फाटकी आहे, बदलून द्या." काका म्हणायचे, "काउंटर सोडल्यावर तक्रार चालत नाही." त्यावर काकू खुर्ची ओढून तिथेच बसायच्या, तक्रार चालेपर्यंत.

उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि एके दिवशी शेवटचा हप्ता आला. काकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. काकूंनी पावती घेतली, सही केली, नोट घेतली.

"फिटले सगळे," काका म्हणाले. "पै न पै." मग टेबलाचा कोपरा पुसत, खाली बघत त्यांनी विचारलं, "उद्यापासून मग... खिडकी बंद करू?"

काकूंनी पावती डोळ्यांजवळ धरली. "अक्षरं फिकी आलीत. शाई संपत आलीय वाटतं."

"हो, जरा संपत आलीय."

काकूंनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात मोकळे करून ती नोट काकांच्या सदऱ्याच्या खिशात घातली. "कमी पडतील तेही देते डब्यातून. नवी शाई आणा," त्या म्हणाल्या. "हे उसने आहेत. रोज खिडकीवर येऊन वसूल करीन."