तुइमालोंच्या अंगणात चार चटया

गावप्रमुख तुइमालोंच्या घरचं डुक्कर रस्त्यावर मरून पडलेलं सापडलं, तेव्हा पेनिआमिनाला आठवलं, काल आपली बस वळवताना मागे काहीतरी 'धप्प' झालं होतं. नारळ असेल, अशी त्याने समजूत घातली होती. आता तो नारळ फारच वजनदार वाटू लागला. गुन्हा शाबीत झाला, तर गावसभा बस बंद करणार हे नक्की.

त्याने आपिया शहरात वकिली शिकणाऱ्या बहिणीला, तालिआला, फोन लावला.

"पोलीस आले तरी तोंड उघडू नकोस," ती म्हणाली. "सिद्ध होईपर्यंत तू निर्दोष."

"अगं, पण मी मारलं की नाही, हे मला तरी कळू दे!"

"ते पोलीस शोधतील. त्यांचं काम तू कशाला करतोस?"

तोवर आईने पेटीतली बारीक विणीची चटई काढली होती. "चल, इफोगाला. डोक्यावर चटई घेऊन त्यांच्या दारात गुडघे टेकायचे. त्यांनी चटई उचलली की माफी."

"आई, ती कबुलीच झाली की!"

फोनमधून तालिआने विचारलं, "चटईखाली चेहरा दिसतो?"

"नाही."

"मग ओळख पटत नाही. जा."

पहाटे दोघं बसने पोचले, तर अंगणात आधीच तीन चटया.

"कोण रे?" पेनिआमिनाने हळूच विचारलं.

"आधी तू सांग," एक चटई म्हणाली.

"तुलाही धप्प ऐकू आलं?"

चटई गप्प. तिलाही कुणीतरी वकील भेटला असावा.

तुइमालो बाहेर आले. एक डुक्कर, चार चटया. बराच वेळ बघत राहिले, आत गेले, स्वतःची चटई घेऊन आले आणि ओळीच्या टोकाला गुडघे टेकून बसले.

"काका," पेनिआमिना कुजबुजला, "डुक्कर तुमचंच ना?"

"बायकोचं. गाडी मागे घेत होतो. पुढचं विचारू नकोस."

"मग माझं धप्प कसलं होतं?"

उत्तर यायच्या आत तुइमालोंची बायको, लोसाकाकू, दारात आल्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी चारही चटया उचलल्या. पाचवीपाशी थांबल्या आणि पेनिआमिनाकडे वळल्या.

"तुझी बस चालू आहे ना?"

"राहील का, काकू?"

"न राहायला काय झालं? पुढची जागा ठेव. माहेरी जायचंय."

"आणि ही चटई?"

"परत आले की उचलते."

"कधी येशील गं?" चटईने विचारलं.

काकू बसमध्ये जाऊन बसल्या. त्यांनी तोंड उघडलं नाही.