सुईची अंगाई आणि खुलं पान

आमच्या अंगाई-संग्रहात कुणीही लिहू शकतं. इंटरनेटवरच्या आमच्या समूहाने हे वाक्य सोळा बैठकांनंतर सर्वानुमते मंजूर केलं.

एका मंगळवारी एका भाचीने आपल्या शिंपीण मावशीची अंगाई तिथे लिहिली:

सुई निजली डबीत, दोरा निजला रिळाला,
तूही नीज रे सोन्या, टाका घालते काळोखाला.

अशी चार कडवी. खाली टीप: 'मावशी विसरायला लागलीय. मला सहावा महिना आहे. बाळ येईपर्यंत अंगाई टिकावी म्हणून इथे ठेवते.'

समूहाच्या प्रमुखांना सगळे नियमकाका म्हणतात. त्यांनी तातडीने दखल घेतली.

"स्रोत?"

"मावशी."

"कुठे छापलंय?"

"मावशी छापत नाही हो काका, शिवते."

पान उतरवण्यात आलं. लगेच ओरड झाली: खुलेपणाची गळचेपी! मग पान पुन्हा चढवलं आणि दुरुस्तीसाठी सर्वांना मोकळं केलं. खुलेपणा म्हणजे खुलेपणा. त्यात हात आखडता घेऊन कसं चालेल?

एका दंतवैद्याने बाळाजवळ सुई असण्याला हरकत घेतली आणि तिथे 'सुरक्षित वस्तू' घातली. एका शिक्षिकेने 'रे'च्या जागी 'रे किंवा गं' केलं. 'काळोख' निराशाजनक वाटल्याने एका सद्गृहस्थांनी 'कमी उजेड' केला. उरलेल्या तीन कडव्यांत 'नीज' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. पुनरुक्ती म्हणून ती तिन्ही कडवीच काढली. प्रत्येकाने नम्रपणे कारण नोंदवलं. भाचीने मावशीला विचारून जुनं परत लिहिलं की कुणीतरी तितक्याच नम्रपणे नवं परत आणायचं.

सतरा दिवस हे चाललं. शेवटी अंगाईच्या संरक्षणासाठी पानाला कुलूप घातलं. त्या क्षणी पानावर होतं:

सुरक्षित वस्तू निजली डबीत, दोरा निजला रिळाला,
तूही नीज रे किंवा गं सोन्या, टाका घालते कमी उजेडाला.

"अहो, हे चुकीचं आहे!" भाची म्हणाली.

"असेल," नियमकाका म्हणाले, "पण आता ते संरक्षित आहे. अर्ज करा."

तिने अर्ज केला. आम्ही नऊ जणांनी व्हिडिओ कॉलवर मावशीची पडताळणी केली. मावशी शिलाई मशीनजवळ बसली होती, बोटात अंगुस्तान, शेजारी भाची. पहिली ओळ तिने अशी म्हटली की आमच्यातल्या दोघांना जांभई आली. दुसरीपाशी ती थांबली.

"पुढं काय गं, ठमे?"

"साक्षीदाराला सुचवू नका," नियमकाका भाचीला म्हणाले.

मावशीने पडद्यावरचे नऊ चेहरे एकेक करून न्याहाळले. "किती सुकलात रे! जेवलात का सगळे?"

इतिवृत्तात याची नोंद 'विषयांतर' अशी झाली. निर्णय: स्रोत अपुरा, पान कायम.

बाळ झालं. भाचीने लिहिलं, 'मावशीला आता एक ओळही आठवत नाही. मला पहिलंच कडवं येतं, पण तिला माझ्या तोंडचं पटत नाही. तुमचं पान दिसलं की चष्मा पुसून वाचते. "रे किंवा गं"पाशी अडखळते, माझ्याकडे बघते. म्हणते, ही माझीच ना गं? काय सांगू तिला?'

प्रश्न योग्य विभागात विचारलेला नसल्याने बंद करण्यात आला.

पानाला मात्र उत्तम प्रतिसाद आहे. तळाशी आम्ही विचारतो, 'हे पान उपयुक्त वाटलं का?' अकरा हजार लोकांनी 'हो' दाबलं. त्यात आपणही आहात. संकोच नको, आमच्याकडे सगळी नोंद असते. आपण त्या पानावर चार सेकंद होतात. दोन ओळी गुणगुणायला वीस लागतात.