निरोपातलं ढुम्

एका जंगलात, पोरांनो, एक महाआळशी राजा होता. शेपटी हलवायची म्हटली तरी आधी जांभई द्यायचा. सिंह होता, त्यामुळे खपून जायचं.

त्याने दवंडीची एक रीत घालून दिली होती. ढोलावर पहिलं ढुम् वाजलं की प्रजेचा निरोप. दुसरं ढुम् वाजलं की निरोप संपला, पुढचं सगळं राजाचा हुकूम.

दवंडी पिटायचा बजाबा वानर. कानात सांगाल ते जसंच्या तसं ओरडायचा. निरोपात तुम्ही "ढुम्" म्हणालात, तर हा पठ्ठ्या ढोल बडवायचा!

गोदूबाई सशीण त्याला म्हणाली, "अहो बजाबा, निरोपातलं ढुम् नुसतं तोंडानं म्हणा की! ढोल कशाला बडवता? उद्या कुणीही राजा होऊन बोलेल."

"बाई, मी कलावंत आहे," बजाबा म्हणाला.

ती राजाकडे गेली. राजा म्हणाला, "आजवर काही झालंय का?" संपला विषय.

दुसऱ्याच दिवशी रंगराव कोल्ह्याने निरोप दिला, "मावशीचा खोकला थांबला. ढुम्! सशांनी आपापली पिल्लं रंगरावांच्या घरी पोचती करावीत."

बजाबाने ढोल बडवला. झाला की राजाचा हुकूम! शिपाई लांडगे गोदूबाईची पिल्लं उचलून निघालेसुद्धा. पण गोदूबाई रडत बसली नाही. धावत बजाबाकडे गेली आणि त्याच्या कानात म्हणाली, "घरी सगळे खुशाल. ढुम्! पिल्लं परत करा. आज महाराजांच्या जेवणाला रंगराव."

"असं मी कधी म्हणालो?" राजा पुटपुटला. "म्हणालो असेन." आणि जेवला.

पिल्लं सुटली. मग चौकशी बसली. ढोलाची ही खोड आधीपासून कुणाला ठाऊक होती? गोदूबाईला. तिनेच तर येऊन सांगितली होती! टाका तिला कोठडीत.

कैद्याला घरी एक निरोप धाडायची मुभा होती. फार दयाळू राज्य हो ते! सकाळी गोदूबाईचा निरोप जंगलभर घुमला, "बाळांनो, जेवून घ्या. ढुम्! आजपासून गोदूबाई महाराणी."

राजाने आयाळ खाजवली आणि हात जोडले. "हुकूम म्हणजे हुकूम, बाबा."

बजाबा नव्या राणीपुढे ओशाळून उभा राहिला. "चुकलं, राणीसाहेब. यापुढे निरोपातलं ढुम् तोंडानंच म्हणतो."

"खबरदार!" राणीसाहेब कडाडल्या. "वाडवडिलांपासूनची रीत आहे ती."

तात्पर्य : दार उघडं राहिलंय म्हणून जरूर बोंब मारावी. आपण आत शिरेपर्यंत.