परसूमामांची जोडी

आमच्या परसूमामांच्या घरी जाणार असाल, तर गरम चहाची आशा उंबऱ्याबाहेर ठेवून जा. चहा येतो अगदी उकळता. पण तुम्ही कपाला हात लावायच्या आत मामा ओरडतात, "हां हां, थांब! दुसऱ्याचं व्हायचं हाय!"

दुसऱ्याचं म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याचं. मामांच्या गळ्यात एकाच सुंभाला दोन छोटे डिजिटल कॅमेरे लोंबतात. डावीकडचा चंदेरी, उजवीकडचा लाल. आधी चंदेरीने चहाचा फोटो काढायचा, मग तो हलकेच छातीवर सोडून लालने त्याच चहाचा. तोवर वाफ उडून जाते आणि मामा कपाळाला आठ्या घालतात. "ह्याच्यात वाफ आली, त्याच्यात न्हाई. मग तुलना कसली? न्याव सारखा पायजे." चहा परत चुलीवर जातो. एकदा तर माझा चहा असा तीनदा उकळला की शेवटी जे कपात आलं ते काढा म्हणून प्यालो. त्या दिवशी माझा खोकला गेला, हे कबूल करायला पाहिजे.

मामा नंदिगड्डेच्या बाजूला, रस्ता सोडून आत रानात राहतात. भाताची शेती, थोडी सुपारी, मागे डोंगर. माझं जोयड्यात वह्या-पेनांचं दुकान आहे, त्यामुळे आठवड्यातून एखादी फेरी होते. मामांकडे पूर्वी खरी बैलजोडी होती, ढवळ्या आणि पवळ्या. पुढे पॉवर टिलर आला, बैल गेले, दावण रिकामी झाली. त्याच सुमाराला मडगावच्या मुलाने नवा फोन घेतला आणि जुना चंदेरी कॅमेरा बापाला दिला. बेळगावच्या जावयाला हे कळल्यावर तो तरी मागे कसा राहणार? त्याने लाल दिला. मामांनी दोघांना एका सुंभात ओवलं आणि नावं ठेवली, ढवळ्या आणि पवळ्या. ढवळ्या कायम डावीकडे. एकदा मी सहज उजवीकडे अडकवला, तर मामा म्हणाले, "काढ. जू उलटं घालतोस व्हय रं? बिथरंल की त्यो."

मी तरी कॅमेऱ्यांच्या फंदात का पडलो? तर माझ्या मुलीमुळे. ती बेळगावला कॉलेजात शिकते. एक दिवस तिचा फोन आला, "पप्पा, मला जुना डिजिटल कॅमेरा पाहिजे." मी म्हटलं, अगं, हातातल्या फोनला मागे तीन-तीन डोळे आहेत ना? तर म्हणे सध्या जुनेच भारी समजतात. मला फार बरं वाटलं. म्हटलं, या हिशेबाने आणखी चार-पाच वर्षांत माझीही फॅशन येईल. लगेच मला मामांची जोडी आठवली. दोनातला एक मागायला काय हरकत?

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "देतो की. न्हाई कोण म्हणतंय? खरं तुलना चालू हाय. रोजच्या वापराला कुठला बरा, ते ठरलं की जो कमी पडंल त्यो तुझ्या लेकीचा."

"कधी ठरेल?"

मामा आत एक नजर टाकून म्हणाले, "निकाल उद्या."

पुढच्या खेपेला गेलो. "निकाल उद्या." गणपती झाले, दिवाळी झाली, भात कापून मळून घरात आलं. मामा म्हणत होते, "निकाल उद्या." घरी आमची ही म्हणायला लागली, "तुमच्या मामांचं कोर्ट लागेपर्यंत पोरीचं लग्न होईल."

मामांना ज्ञान नाही असं मात्र समजू नका. मी दुकानदारी थाटात एकदा विचारलं, "मामा, मेगापिक्सेल कुणाचे जास्त?" तर म्हणाले, "त्ये दात मोजल्यासारखं झालं. दात बघून वय कळतं, चाल न्हाई कळत. बैल चालवून बघायचा." मग त्यांनी चाल सांगितली. ढवळ्या उठायला आळशी. बटण दाबलं की तोंड बाहेर काढेपर्यंत खार झाडावर जाऊन परत येते. पण रंग खरे दाखवतो, मातीला माती म्हणतो. पवळ्या चपळ, लांबचं जवळ ओढून आणण्यात पटाईत, डोंगरावरच्या झाडावरचा धनेश पक्षी थेट अंगणात आणून बसवतो. पण तोंडपुजा. "समद्यांस्नी गोरं करतंय बघ. तुझा फोटो पवळ्यानं काढला तर तू नवरदेव दिसतोस, ढवळ्यानं काढला तर तू दिसतोस." संध्याकाळी उजेड कमी झाला की पवळ्याचे फोटो रव्यासारखे दाणेदार व्हायचे आणि ढवळ्या 'मला नाही दिसत' म्हणून लुकलुकत बसायचा.

खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-कुदळींबरोबर या दोघांचीही पूजा झाली. मामांनी भक्तिभावाने दोघांच्याही नेमक्या काचेवर कुंकू लावलं. देवाला आपण कपाळावर लावतो, यांना कपाळ कुठे आहे? पुढे किती दिवस मामांच्या फोटोतला अवघा जोयडा तालुका गुलाबी होता. गाय गुलाबी, भात गुलाबी, ग्रामपंचायत गुलाबी. "दोघांलाबी एकदमच डोळं आल्यात," म्हणून मामा काळजीत. शेवटी मी मामांच्या धोतराच्या टोकाने काचा पुसल्या. कॅमेऱ्यातली माझी तेवढीच कर्तबगारी.

आता गव्याचं सांगतो. भात पोटरीत आलं होतं आणि आम्ही दोघं बांधावरून चाललो होतो. वळणावर बघतो तर समोर गवा. काळाकभिन्न, पायांत पांढरे मोजे, एकटाच. पुढे काय झालं ते मी वरून बघितलं, कारण पुढच्या क्षणी मी काजूच्या झाडावर होतो. माझ्या वयाचा आणि वजनाचा माणूस तिथे कसा पोहोचला, ते काजूलाच ठाऊक. मामा मात्र खाली उभे. त्यांनी ढवळ्या उचलला, त्याने सवयीप्रमाणे आळोखेपिळोखे देत तोंड बाहेर काढलं, फोटो झाला. गव्याने मान वळवून निघायची तयारी केली. मामा अगदी हळू, गोठ्यात बैलाशी बोलावं तसे बोलले, "थांब बाबा. दुसऱ्याचं व्हायचं हाय."

आणि गवा थांबला! देवाशपथ थांबला. मामांनी पवळ्याने फोटो काढला. गव्याने एक दांडगा श्वास सोडला आणि रानात निघून गेला. मी फांदीला मिठी मारून खाली बघत होतो. एवढ्या मोठ्या जनावरापुढे हा एवढासा म्हातारा, गळ्यात सुंभ, आणि चेहऱ्यावर भीती म्हणून नाही. दोन्ही फोटो सारखे आले का एवढीच चिंता. मला आजवर देवळातसुद्धा असे हात जोडावेसे वाटले नव्हते. जोडले मात्र नाहीत, कारण फांदी सुटली असती.

नंतर मामांनी ते दोन फोटो शेजारी शेजारी धरून दाखवले. एकात गवा रानासारखाच काळपट हिरवा, रानातून उगवल्यासारखा. दुसऱ्यात त्याच्या डोळ्यातलं पाणी दिसत होतं. मी जन्म या मुलखात काढला, गवे काय कमी बघितले? पण त्या दोन फोटोंच्या मधल्या फटीतून मला गवा पहिल्यांदा दिसला. तेव्हापासून मामांच्या तुलनेला हसायचं मी बंद केलं. निदान त्यांच्यासमोर.

आता मामीबद्दल. इंदूमामी म्हणजे एकेकाळी आमच्या घराण्याचं आकाशवाणी केंद्र. ती विहिरीवर बोलायला लागली की रस्त्यावरच्या माणसाला बातम्या कळायच्या. पण मागच्या एका पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. बेळगावला ऑपरेशन झालं, घरी आली, पण खाटेवरून उठायची तिची हिंमतच गेली. नेट लावून चालली असती, असं डॉक्टर म्हणाले होते. मामी भिंतीकडे तोंड करून पडायची. मी खिडकीतून "मामी, बरं हाय न्हवं?" विचारायचो. आतून "हं" यायचं. मग मी आणि मामा ओसरीवर गार चहा प्यायचो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस मामा माझ्या दुकानात आले. गळ्यातला सुंभ एका बाजूला कलला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून पवळ्या. तोंड अर्धं बाहेर आलेलं, तसंच अडकलेलं.

"पाटाच्या पाण्यात पडला," मामा म्हणाले. "कालपासनं आ वासूनच हाय."

मी दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, याचे भाग आता मिळत नाहीत, राहू दे काका, शोपीस करा. मी वातावरण हलकं करावं म्हणून बोललो, "मामा, मग निकाल लागला की! ढवळ्या जिंकला. आमच्या पोरीचं नशीब, दुसरं काय."

मामा हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "एका बैलानं नांगर चालतो व्हय रं?"

 गव्यापुढे न हललेला हा माणूस पवळ्याचं अडकलेलं तोंड पुन्हा पुन्हा रुमालाने पुसत होता. मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांना गाडीवर मागे बसवून घरी निघालो. रस्ताभर त्यांनी पवळ्याला मुठीत धरलं होतं.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मामांनी मला प्रथमच ओसरीवर न थांबवता आत नेलं. मामी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मामांनी ढवळ्या तिच्या डोळ्यांजवळ धरला. सकाळी काढलेला फोटो होता, वाफ्यातल्या वांग्यांचा.

"हं," मामी म्हणाली आणि परत वळली.

मामांनी मला परसात ओढलं. "बघितलंस? एक दाखवला की 'हं'. पयल्यापासनं असंच. जेवलीस का, हं. दुखतंय का, हं. मग पवळ्या आला त्या दिवशी एकाच फणसाचं दोन फोटो दाखवलं. म्हणाली, 'ह्यो बरा.' मी म्हणालो, न्हाई, त्यो बरा. तर उठून बसली रं! भांडली माझ्याशी! दिवे लागंस्तवर भांडली. डोळं फुटल्यात काय म्हणाली मला." मामांनी मुठीतला पवळ्या वर धरला. "तवापासनं रोज दोन-दोन काढतोय. ती रोज भांडती, रोज बसती. परवा दाराची चौकट धरून उभीबी ऱ्हायली, माझं चुकतंय म्हणून दाखवायला. आणि आता ह्ये."

माझ्या डोक्यात गार झालेले सगळे चहा एकदम फिरून गेले. मी वर्षभर ओसरीवर बसून विचारत होतो, निकाल कधी.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाचा एक बैल मेला की तो माणूस रडत बसत नाही. ज्याच्याकडे दुसरा एकटा बैल आहे त्याच्याकडे जातो. तुझा एक, माझा एक. आज तुझं रान, उद्या माझं. याला पैरा म्हणतात. पैऱ्याला आलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही.

मी खिशातून माझा फोन काढला. "मामा, पैऱ्याला आलोय."

मामांनी फोन उलटासुलटा करून बघितला. मग नाक पुसलं. "ह्येला चाल कसली अस्ती?"

"बघू की चालवून."

विहिरीजवळ मामीने लावलेली कोनाची वेल होती. आमच्या रानातला हा कंद, पान हृदयाच्या आकाराचं. मामांनी ढवळ्याने फोटो काढला. मग माझ्याकडे बघून दटावलं, "सुम्ने गप उभा रहा. हलू नगो. दुसऱ्याचं व्हायचं हाय." मी श्वास रोखून काढला. गव्याने जसा रोखला असेल तसा.

आत गेलो. मामीपुढे आधी ढवळ्याचा फोटो. "हं." मग माझा.

 मामीने मान उचलली.

"ह्यो कुणी काढलाय?"

"भाच्यानं," मामा म्हणाले.

"वेल बघितली हाय का ह्यानं जन्मात? अशी हिरवी अस्ती व्हय? रंग पाजलाय जनू. आणि ह्ये मधीच काय, दुधी भोपळा?"

"माझा अंगठा आहे, मामी."

"अंगठा!" मामी कोपरावर टेकून उठली. "शिकलेला माणूस, दुकान चालवतोय म्हणं! आणि अवो, तुम्ही काय हसतायसा? तुमचा तरी काय बरा हाय? वेलीची काठी कलती झालीया, त्ये दिसंना तुम्हाला? पडली म्हंजे? ह्याच्या फोटोत तरी काठी दिसली. तुमच्यात कापलीसा!"

"काठी काय करायची हाय? पानं बघ की!"

"काठी काय करायची! काठीबिगर वेल चढतीया व्हय?" तिने पाय खाटेखाली सोडले.

मी दाराला टेकून उभा होतो. असा सोहळा मी पाहिला नव्हता. मामा हळूच कोपऱ्यातला वॉकर तिच्या हाताशी सरकवत होते आणि तोंडाने मात्र हट्टाने म्हणत होते, "न्हाई, न्हाई, माझाच बरा."

"मग मामी," मी विचारलं, "दोनातला बरा कुठला? निकाल काय?"

मामीने खिडकीतून बाहेर उतरत्या उजेडाकडे बघितलं.

"निकाल उद्या," ती म्हणाली. "ह्या उजेडात काय कळतंय? सकाळी दोघंबी परत काढा. आणि मला विहिरीपातूर न्या. तुमच्यावर भरवसा न्हाई."